मोलकरणीच्या वेषातील मानकरीण : हॅटी मॅक्डॅनिएल

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे येतात, तेव्हा ती बहुधा राण्यांची, समाजसेविकांची किंवा संतस्त्रियांची असतात. ह्या खेपेला मी एका नटीची हकीकत लिहीत आहे. नटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झगमगते कपडे, मोटारी आणि नाजूक बांधा उभा राहतो. परंतु ही नटी अंगाने चांगली थोराड होती, रंगाने काळी होती, आणि पडद्यावर तिने जवळजवळ जन्मभर डोक्याला फडके बांधून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काम केले. तिचे नाव हॅटी मॅक्डॅनिएल. अमेरिकेत सिनेसृष्टीचा सर्वांत मोठा मान म्हणजे ऑस्कर पारितोषिक. ते मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती हीच. पुरुषांतही तिच्याआधी कोणाला ते मिळाले नव्हते.

हॅटीचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सास राज्यातील विचिटा गावी झाला. तेरा भावंडांत ती शेंडेफळ. आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. तिकडे गुलाम म्हणजे गोऱ्या मालकाची मालमत्ता. गुरांप्रमाणे माणसांची खरेदी-विक्री होई, आईपासून मूल तोडून विकले जाई. ही चाल मोडली ती १८६१ ते १८६५ ह्या काळात झालेल्या अंतर्गत युद्धामुळे. हॅटीचे वडील हेन्री त्या युद्धात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सरकारच्या बाजूने शिपाई म्हणून लढले आणि जबर जखमी झाले. त्या जखमांचे दुखणे त्यांना आयुष्यभर पुरले. पेन्शनसाठी त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, खेटे घातले, पण दाद लवकर लागली नाही. घरात अठराविसे दारिद्र्य. आई सुझन लोकांच्या घरची कामे करी आणि प्रार्थनामंदिरात देवाची गाणी गाई. आवाजाची देणगी मुलीला आईकडूनच मिळाली.

पुढे हे कुटुंब कोलोराडो राज्यात गेले आणि डेन्व्हर शहरात स्थिरावले. हॅटी शाळेत जाऊ लागली. वर्गात बहुतेक मुले गोरी, पण ही पोर गाण्यात आणि कविता म्हणण्यात सर्वांच्या पुढे. त्या शहरात दारूबंदीसाठी झटणारी ख्रिस्ती बायकांची एक संस्था होती. तिने भरवलेल्या स्पर्धेत हॅटीने एक लांबलचक कविता अशी काही म्हटली की सुवर्णपदक तिलाच मिळाले. स्त्रियांच्या एका संस्थेने दिलेले ते पदक हा तिच्या आयुष्यातला पहिला मान. आपल्यासारख्या मंडळांनी एखाद्या मुलीच्या पाठीवर दिलेली थाप कुठवर पोहोचेल, हे त्या वेळी कोणालाच कळत नसते.

ह्यानंतर तिने शाळा सोडली. तिचा भाऊ ओटिस गाणी, नाच आणि नकला ह्यांचा फिरता खेळ करीत असे, त्यात ती सामील झाली. आपल्याला हे आवडणार नाही, शिक्षण अर्धवट टाकणे बरे नव्हे. परंतु काळ्या मुलीने शिकून तरी पुढे काय करायचे, तर लोकांची धुणीभांडी, असा तो काळ होता. १९११ साली तिचे लग्न झाले. चारच वर्षांनी पती वारला आणि ऐन बाविशीत ती विधवा झाली. पाठोपाठ १९१६ साली भाऊ ओटिसही गेला. त्यानंतर तिने आणखी तीन वेळा संसार मांडला, पण एकही तिला फार काळ लाभला नाही.

मात्र रडत बसणे तिच्या स्वभावात नव्हते. १९१४ सालीच तिने आपली बहीण एटा हिच्या साहाय्याने नुसत्या बायकांची एक नाटकमंडळी काढली होती. त्या काळी गोरे नट तोंडाला काजळ फासून काळ्या लोकांची टिंगल करीत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. हॅटी रंगभूमीवर आली की त्या टिंगलीचीच टिंगल करी. पुढे डेन्व्हरचे वादक जॉर्ज मॉरिसन ह्यांच्या वाद्यवृंदाबरोबर गात ती गावोगाव हिंडली. डेन्व्हरच्या रेडिओवरही तिचे गाणे झाले. रेडिओवर गाणाऱ्या अगदी पहिल्या काळ्या स्त्रियांमध्ये तिची गणना होते. १९२६ ते १९२९ ह्या वर्षांत तिच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही निघाल्या.

दिवस जरा बरे येत होते तोच १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. पेढ्या बुडाल्या, कारखाने बंद पडले, नाटकमंडळ्या मोडल्या. हॅटी तेव्हा मिलवॉकी शहराकडे होती. गाण्याचे काम कुठेच मिळेना. शेवटी शहराजवळच्या एका नाचगाण्याच्या क्लबात काम मिळाले, पण कोणते? तर बायकांच्या प्रसाधनगृहात उभे राहून टॉवेल देण्याचे. तबकड्यांवर जिचे नाव छापलेले होते, ती बाई न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली. तिने ते काम नाकारले नाही. रंगमंच तिथून चार पावलांवर होता, पण तिथे गोऱ्यांनीच गायचे असा रिवाज. अखेर एकदा मालकाने तिला गाण्याची परवानगी दिली. लोक इतके खूष झाले की टॉवेल सुटला आणि ती तिथली गायिका झाली.

१९३१ साली ती लॉस एंजेलिसला आली. तिथे तिची भावंडे आधीच सिनेमात लहानसहान कामे करीत होती. भाऊ सॅमच्या वशिल्याने तिला रेडिओवरच्या एका कार्यक्रमात जागा मिळाली आणि तिची थट्टामस्करी श्रोत्यांना फार आवडू लागली. पण पगार इतका तुटपुंजा की पोट भरण्यासाठी तिला लोकांच्या घरची कामे करावीच लागत. एकीकडे लोक रेडिओवर तिचे बोलणे ऐकून हसत आणि दुसरीकडे ती कोणाचे तरी कपडे धूत असे.

१९३२ पासून तिला सिनेमात कामे मिळू लागली. काम बहुधा एकच, मोलकरणीचे. कधी दार उघडायचे, कधी ताट आणून ठेवायचे, कधी मालकिणीच्या केसांवरून ब्रश फिरवायचा. तिने तीनशेच्या आसपास चित्रपटांत काम केले असे सांगतात. पण पडद्यावर नाव आले ते त्यांतल्या सुमारे ऐंशी चित्रपटांतच. ह्या छोट्याशा जागेतही ती आपला ठसा उमटवी. १९३५ सालच्या 'अ‍ॅलिस अ‍ॅडम्स' ह्या चित्रपटात एक गरीब घर श्रीमंत पाहुण्याला जेवायला बोलावते आणि उसना थाट आणण्यासाठी त्या दिवसापुरती मोलकरीण ठेवते, असा प्रसंग आहे. ती मोलकरीण म्हणजे हॅटी. तोंडाने फारसे काही न बोलता, नुसत्या चालण्यातून आणि चेहऱ्यावरच्या कंटाळ्यातून तिने त्या घरच्या खोट्या डौलाची अशी काही फजिती केली की सगळा प्रसंग तिचाच झाला.

मग आला तिच्या आयुष्यातला मोठा योग. मार्गारेट मिचेल ह्या लेखिकेची 'गॉन विथ द विंड' ही कादंबरी १९३६ साली निघाली होती आणि अमेरिकाभर गाजत होती. डेव्हिड सेल्झनिक ह्या निर्मात्याने तिच्यावर चित्रपट काढायचे ठरवले. त्यात मॅमी नावाची एक दाई आहे. गोऱ्या जमीनदाराच्या मुलीला, स्कार्लेटला, तिने अंगाखांद्यावर वाढवलेले असते. ह्या कामासाठी पुष्कळ जणींची धडपड चालली होती. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट ह्यांनी आपल्या घरातील काम करणाऱ्या बाईची शिफारस केली होती! पण निवड हॅटीची झाली. ती परीक्षेला मोलकरणीच्या खऱ्याखुऱ्या वेषात आली होती, अशी हकीकत सांगतात. तो वेष तिला उसना आणायला नको होता.

ह्या चित्रपटाबद्दल एक गोष्ट मनात ठेवली पाहिजे. गुलामगिरीचे दिवस त्यात फार गोड करून दाखवले आहेत. जणू मालक मायाळू होते आणि गुलाम सुखी होते! काळ्या लोकांनी तेव्हाही ह्यावर टीका केली आणि आजही होते. एक अपमानकारक शब्द तर त्यांच्या विरोधामुळे संवादांतून काढावा लागला. हॅटी स्वतः गुलामांची लेक. खरे काय होते ते तिने घरीच ऐकले असणार. तरीही मिळालेल्या भूमिकेत तिने प्राण ओतला. तिची मॅमी मालकिणीपुढे मान खाली घालून उभी राहत नाही. स्कार्लेटच्या कमरेच्या नाड्या आवळता आवळता ती तिला फैलावर घेते, तिचे डावपेच ओळखते, तिला चार शब्द सुनावते. आणि शेवटाकडे, घरातली लहान मुलगी घोड्यावरून पडून दगावते, तेव्हा जिना चढता चढता मॅमी मेलनीला त्या घरातल्या दुःखाची हकीकत सांगते. तिच्या अभिनयाचा कळस म्हणून तोच प्रसंग सांगितला जातो.

१५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. शहरात सण असल्यासारखी धामधूम होती. विव्हियन ली, क्लार्क गेबल अशी सगळी मंडळी गेली. हॅटी मात्र गेली नाही. जॉर्जिया राज्याच्या कायद्याने काळ्यांनी गोऱ्यांबरोबर एका थिएटरात बसायचे नव्हते. कार्यक्रमपत्रिकेवर तिचे चित्र छापायचे होते, तेही दक्षिणेकडच्या प्रतींतून वगळले गेले. क्लार्क गेबल रागावला आणि आपणही येत नाही म्हणाला, तेव्हा हॅटीनेच त्याची समजूत घालून त्याला पाठवले, असे सांगतात.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, २९ फेब्रुवारी १९४० ह्या दिवशी, लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसडर हॉटेलात ऑस्कर समारंभ झाला. साहाय्यक अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी ज्यांची नावे होती, त्यांत ह्याच चित्रपटात मेलनी झालेली ऑलिव्हिया डी हॅव्हिलंडही होती. त्या हॉटेलात काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. सेल्झनिकने खटपट करून हॅटीसाठी खास परवानगी मिळवली. परंतु तिच्या चित्रपटातले लोक जिथे बसले होते, तिथे तिला जागा नव्हती. तिला भिंतीकडेला वेगळे लहानसे टेबल दिले होते. निळसर हिरवा झगा आणि केसांत अनंताची पांढरी फुले अशी ती नटून आली होती. तिचे नाव पुकारले गेले, तेव्हा भिंतीजवळून उठून, सर्व दालन ओलांडून ती व्यासपीठावर गेली. तिने थोडक्यात आभार मानले. आपल्या समाजाला आणि सिनेव्यवसायाला आपल्यामुळे नेहमी भूषण वाटावे अशी इच्छा तिने बोलून दाखवली आणि डोळे पुसत ती परतली. त्या काळी साहाय्यक कलावंतांना बाहुलीऐवजी लहानशी पाटी देत. ती पाटी घेऊन ती पुन्हा त्याच भिंतीकडेच्या टेबलाशी जाऊन बसली.

आपल्याला वाटेल, आता तिचे दैव उघडले. पण तसे झाले नाही. पारितोषिकानंतरही कामे आली ती मोलकरणीचीच. आणि आता दुसऱ्या बाजूनेही बोल लागू लागले. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मोठ्या संस्थेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट १९४२ साली हॉलिवुडात आले. काळ्या माणसांना सदा नोकर किंवा विदूषक म्हणून दाखवणे बंद करा, असे त्यांनी निर्मात्यांना सांगितले. त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु त्याचा रोख हॅटीसारख्या नटनट्यांवरही आला. ह्यांनी अशी कामे घेतली म्हणून तर लोक अशी चित्रे रंगवतात, असे म्हटले जाऊ लागले. हॅटीला हे फार लागले. तिचे म्हणणे असे की, मी खरोखरीची धुणी धुतलेली आहेत, खरोखरीच्या फरश्या पुसल्या आहेत. तेच काम पडद्यावर करून चांगला पगार मिळतो तर त्यात लाज कसली? आणि कामे नाकारली तर दुसरी कोणती देणार आहात?

ह्यात चूक कोणाची? मी सातवी शिकलेली बाई, मोठमोठ्या लोकांच्या वादात निवाडा करण्याची माझी योग्यता नाही. पण मला वाटते, व्हाइटसाहेबांचे मागणे योग्य होते, मात्र त्याचा जाब पडद्यामागे बसून कथा लिहिणाऱ्यांना आणि पैसे घालणाऱ्यांना विचारायला हवा होता. बिचाऱ्या बाईने जे ताट पुढे आले त्यात जेवून दाखवले. आणि ती नुसती सोसत बसणारी नव्हती, हे पुढच्या हकीकतीवरून कळते.

१९४२ साली तिने लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्स ह्या वस्तीत एक प्रशस्त घर घेतले. बडे लोक राहत म्हणून त्या भागाला 'शुगर हिल' म्हणत. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात राबलेल्या बाईचे स्वतःचे मोठे घर! तिने ते हौसेने सजवले, तिथे मेजवान्या दिल्या. पण त्या भागातील घरांच्या खरेदीखतांत एक कलम घातलेले होते, की हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये. असे करार तेव्हा अमेरिकेत जागोजाग असत. काही गोरे शेजारी कोर्टात गेले. ह्या काळ्या लोकांना घराबाहेर काढा, अशी त्यांची मागणी. त्यात हॅटी होती, तिच्यासारख्याच नट्या लुईझ बीव्हर्स आणि एथेल वॉटर्स होत्या, आणि इतरही कुटुंबे होती.

हॅटीने शेजाऱ्यांना एकत्र केले. तिच्या दिवाणखान्यात बैठका होऊ लागल्या. लॉरेन मिलर नावाचे हुशार काळे वकील उभे राहिले. डिसेंबर १९४५ मध्ये खटल्याची सुनावणी झाली, त्या वेळी पाठिंब्यासाठी आलेल्या लोकांनी कोर्ट भरून गेले होते. न्यायाधीश थर्मंड क्लार्क ह्यांनी स्वतः जाऊन ती वस्ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी खटला काढून टाकला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेले समान हक्क ह्या लोकांना पुरतेपणी मिळालेच पाहिजेत, असा त्यांचा निर्णय होता. पुढे तीनच वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले करार कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले. त्या कामातही मिलर वकील होतेच. ज्या बाईला लोक नोकराणीच्या भूमिकेपायी नावे ठेवीत, तिने आपल्या घराच्या उंबरठ्यावर पाय रोवून शेकडो कुटुंबांची वाट सोपी केली.

दुसऱ्या महायुद्धात काळ्या शिपायांची वेगळी पथके असत आणि त्यांच्या करमणुकीकडे फारसे कोणी पाहत नसे. हॅटीने ती जबाबदारी शिरावर घेतली, नटनट्या जमवल्या आणि छावण्यांतून कार्यक्रम केले. ह्याच काळात एक खाजगी दुःख तिच्या वाट्याला आले. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर तिला दिवस गेल्यासारखे वाटले. तिने मोठ्या आनंदाने बातमी सांगितली, तयारी केली. परंतु डॉक्टरांनी तो भासच ठरवला. पडद्यावर इतक्यांची मुले सांभाळणाऱ्या ह्या बाईची कूस रिकामीच राहिली. ह्याहून अधिक लिहिण्याची गरज नाही, आपण बायका समजून घेऊ.

१९४७ साली 'ब्यूला' ह्या रेडिओ-मालिकेत तिला मुख्य भूमिका मिळाली. देशभर ऐकू येणाऱ्या विनोदी मालिकेची नायिका होणारी ती पहिली काळी स्त्री. भूमिका पुन्हा मोलकरणीचीच, पण ह्या वेळी तिने अटी घातल्या. वेडीवाकडी, हेल काढलेली भाषा बोलणार नाही, आणि न पटणारा मजकूर बदलून घेईन. त्या अटी मान्य झाल्या. आठवड्याला हजार डॉलर पगार मिळू लागला. पुढे हीच मालिका टेलिव्हिजनवर आली आणि तीत तिने कामही सुरू केले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. स्तनाचा कर्करोग निघाला. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, सिनेकलावंतांसाठी असलेल्या रुग्णालयात तिने देह ठेवला.

आपल्याला हॉलिवुडच्या दफनभूमीत, इतर नटनट्यांच्या शेजारी पुरावे अशी तिची इच्छा होती. तिथे काळ्यांना जागा नव्हती, म्हणून मालकाने नकार दिला. मरणानंतरही भिंतीकडेचे टेबल सुटले नाही! शेवटी रोझडेल दफनभूमीत तिला विश्रांती मिळाली. १९९९ साली त्याच हॉलिवुडच्या दफनभूमीच्या नव्या मालकांनी तिचा देह तिथे आणण्याची तयारी दाखवली. घरच्यांनी ते नको म्हटले, म्हणून तिथे तिचे स्मारक उभारले. २००६ साली तिच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले, तेही त्या समारंभातल्या पोषाखात. ऑस्करची पाटी तिने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला दिली होती. ती पुढे तिथून नाहीशी झाली. २०२३ साली ऑस्कर देणाऱ्या संस्थेने तशीच दुसरी पाटी करून विद्यापीठाला दिली.

हॅटीनंतर अभिनयाचे ऑस्कर मिळालेली दुसरी काळी स्त्री म्हणजे व्हूपी गोल्डबर्ग, आणि ते साल १९९१. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली. २०१० साली हेच पारितोषिक मोनिक नावाच्या नटीला मिळाले. ती निळा झगा घालून आणि केसांत अनंताची फुले माळून आली होती आणि तिने हॅटीचे नाव घेऊन आभार मानले.

भगिनींनो, ह्या चरित्रातून एकच गोष्ट घ्यावी असे मला वाटते. हॅटीने काम कधी हलके मानले नाही, पण कामामुळे कोणी आपल्याला हलके मानावे, हेही तिने मुकाट्याने मान्य केले नाही. आपल्यातल्या पुष्कळ जणींचा दिवस चुलीपाशीच जातो, आणि आपल्यापैकी काहींच्या घरी धुणेभांडी करायला दुसरी कोणी येते. तिला चहा आपण कोणत्या कपात देतो आणि कुठे बसवून देतो, हे आपले आपण मनाशी पाहावे. भिंतीकडेचे ते टेबल अमेरिकेतच असते असे नाही.